राजकन्येचा जलविहार

पुठ्ठ्याची नाव काही केल्या उभी राहत नव्हती आणि त्यावरून माधवी आणि पद्माकर यांचं सकाळपासून दुसऱ्यांदा वाजलं होतं.

"अहो, डावीकडे. तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे! राजकन्येचा चेहरा झाकला जातोय."

"राजकन्येचं राहू दे, आधी नाव उभी राहू दे," पद्माकर म्हणाला आणि त्याने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला.

वासंती जिन्याच्या पायरीवर मांडीत ताट घेऊन लसूण सोलत बसली होती. लसूण स्वयंपाकघरातही सोलता आला असता, पण असला तमाशा फुकटात दिसत असताना आत कोण बसतो? तिला आयर्लंडमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दोन्ही लशी टोचून, नाकात काड्या घालून घेऊन, तोंडाला फडकं बांधून ती पुण्याहून मलिंगारला पोचली होती, ती थोरली जाऊ माधवी हिच्या लेकीचं, निहारिकेचं बाळंतपण करायला. नवरा सुभाष गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच राहिला होता. आणि इथे येऊन बघते तर बाळंतपणाच्या आधी नाटक कंपनीच उभी राहत होती.

डोहाळजेवणाला गर्भारशीला नावेत बसवतात, त्याबद्दल वासंतीची तक्रार नव्हती. पुण्यातही बसवतात. पुठ्ठ्याची नाव, वर चार फुलांच्या माळा, मागे निळा कागद, झालं काम. पण माधवीला निळा कागद कसा चालावा? तिच्याकडे नदी होती.

नदी म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरचं ते अजस्र तैलचित्र. गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये पद्माकरचं ऑफिस घरातून चालायला लागलं, तेव्हा डब्लिनचं घर विकून त्यांनी मलिंगारबाहेर कुणा जुन्या डॉक्टरचं हे घर घेतलं, आणि चित्र त्याच्यासोबत आलं. आलं म्हणजे काय, जाऊ शकलं नाही. पुढचा पोर्च कधीतरी नंतर बांधला होता, त्यामुळे चित्र आत अडकलं होतं. डॉक्टरच्या वारसांनी ते बाहेर काढायची खटपट करून पाहिली आणि शेवटी हात टेकले. ही हकिगत माधवी सांगत नसे. ती सांगे, "बरोक आहे. सतराव्या शतकातलं." घर दाखवणारा दलाल म्हणाला होता की कुणा मोठ्या चित्रकाराच्या हाताखालच्या माणसाने काढलेलं असावं. त्यातलं 'हाताखालच्या' माधवीने त्याच दिवशी गाळून टाकलं होतं.

चित्रात संध्याकाळ होती. नदीकाठी मधोमध एक गोरीपान राजकन्या, अंगावर जरीचं पिवळं वस्त्र, कानात बोराएवढे मोती. अंघोळीला नदीवर आलेली बाई एवढं लेवून येते होय? बरोबरच्या सख्यांना मात्र धड पोलकीही पुरली नव्हती. एक कुत्रा. काठावरच्या उंच गवतात उभी एक मुलगी. राजकन्येच्या पायाशी एक दासी टोपलीवरचं कापड बाजूला करत होती आणि टोपलीत एक गुटगुटीत, गुलाबी बाळ हातपाय झाडत होतं. उजवा कोपरा शेकोटीच्या धुराने इतका काळा पडला होता की तिथे काय आहे ते सुताराने ठोकलेल्या खिळ्यालाच ठाऊक.

"राजकन्येचा जलविहार," माधवी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. "आणि ते तिचं बाळ. सोबत आणलंय."

टोपलीत घालून? पण हे विचारणार कोण? एकवीस वर्षं या देशात काढून या नवराबायकोला बायबल म्हणजे हॉटेलच्या टेबलाच्या खणात असतं ते पुस्तक, इतकीच माहिती होती. चित्रात नदी आहे, बाळ आहे, पुढे नाव ठेवली की डोहाळजेवणाचं नेपथ्य तयार. फोटो असे येतील की ठाण्याच्या विहीणबाईंचे डोळे दिपतील. माधवीचं सगळं आयुष्य कुणाचे ना कुणाचे डोळे दिपवण्यात गेलं होतं.

"वासंती," माधवी वळून म्हणाली, "क्रम लक्षात ठेव हं. पहिली ओटी मी भरणार. मग सुलेखाताई. मग डब्लिनच्या बायका, त्यांना परत ब्युमॉन्टपर्यंत जायचंय. तू शेवटी भरलीस तरी चालेल ना? तुला काय, तू घरचीच. आणि पुऱ्या तोपर्यंत गरम हव्यात."

"हो, वहिनी. मी घरचीच."

"आणि मोठं पातेलं प्रेसमध्ये आहे."

प्रेस म्हणजे कपाट, हे आता वासंतीला कळायला लागलं होतं. ती ताट घेऊन उठली. लसणाची सालं पायरीवर राहिली, ती तिने मुद्दाम उचलली नाहीत.

शेवटी! तिला या एका गोष्टीचा राग येत होता, बाकी सगळ्याची नुसती कीव येत होती. कारण निहारिकेला जन्म दिला होता वासंतीने.

घरातल्या जुन्या माणसांपैकी हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. थोरल्या सुनेला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं आणि धाकटीला दोन मुलींच्या पाठीवर तिसरी मुलगी झाली, तेव्हा सासरे बाळासाहेब यांनी जेवणानंतर सुपारी कातरता कातरता निकाल दिला होता. थोरलीची कूस भरेल आणि धाकटीचा भार हलका होईल. भार! वासंती आतल्या खोलीत बाजेवर होती, दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं. दोन्ही भाऊ माना हलवत बसले होते. तिचा नवराही. बाळंतिणीला विचारायला आत येण्याचं त्या तिघांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. वर अट अशी की मुलीला कधीही कळता कामा नये. पुढे वर्षभर, पद्माकरला मुंबईला नोकरी लागेपर्यंत, पोर वासंतीच्याच अंगावर प्यायली. दार लावून पाजायचं. पाजून झालं की माधवी बाहेरून टकटक करायची आणि आपली मुलगी घेऊन जायची.

म्हणून वासंतीला पहिली ओटी हवी होती. दुसरं काही नको. बॅगेच्या तळाशी, मेथीच्या लाडवांच्या डब्याखाली, तिने हिरवी नारायणपेठी ठेवली होती. पहिल्यांदा ओटी भरताना आईने लेकीच्या ओटीत घालायची तशी. आल्या दिवसापासून ती बाहेर काढायला मुहूर्त सापडला नव्हता, कारण माधवीने मुलीसाठी मुंबईहून पोपटी रंगाची काहीतरी डिझायनर भानगड आधीच मागवली होती.

स्वयंपाकघरात सुलेखा, निहारिकेची सासू, केळी कापायच्या निमित्ताने येऊन बसली. ठाण्याची ही बाई दिसायला साधी, पण नजर अशी की बंद कपाटातले कप मोजेल.

"तुम्ही आलात म्हणून बरं झालं बघा," ती म्हणाली. "माधवीताईंनी आमच्या अनीशला स्पष्टच सांगितलं म्हणे, बाळाला न्हाऊ घालणं, शेकणं मला काही यायचं नाही, वासंती येईल. मला आपलं नवल वाटलं. एक लेक वाढवलीय ना?"

"तेव्हा एकत्र कुटुंब होतं. सगळ्यांनी मिळून वाढवली," वासंतीने पाठ केलेलं उत्तर दिलं.

"ते आलंच. पण एक सांगू? निहारिकेची हनुवटी अगदी तुमच्यासारखी आहे. ही खळी सुद्धा."

"आमच्या घराण्याचीच हनुवटी आहे ती. सासऱ्यांचीही अशीच होती."

सुलेखाने केळ्याची एक चकती तोंडात टाकली. "असेल हो. पण तुम्ही तर त्या घरच्या सून ना?"

वासंतीच्या हातातली पुरी लाटता लाटता फाटली. इतकी वर्षं सांभाळून सांभाळून, आणि घसरली कुठे तर हनुवटीवर! ती स्वतःवरच अशी चिडली की पुढच्या चार पुऱ्या भाकरीएवढ्या जाड झाल्या. सुलेखाने ताट उचललं आणि जाताना वासंतीच्या दंडावर हळूच हात ठेवून गेली. हे सांत्वन होतं की पावती, ते मात्र कळलं नाही.

दुपारी माणसं आली. पाच-सहा घरं, सगळी कॉम्प्युटरवाली, दीड वर्ष एकमेकांना पडद्यावर बघून कंटाळलेली. त्यामुळे भेटल्यावर मिठी मारायची की कोपर लावायचं यावर दारातच गोंधळ. प्रत्येकाने घराची स्तुती केली, चित्राची केली, आणि माधवीने प्रत्येकाला बरोक ऐकवलं. पद्माकर कोट घालून जागच्या जागी हसत उभा होता. आयुष्यभर तो दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयाशेजारी असाच उभा राहत आला होता. पोरंटोरं इंग्रजीतून आयरिश हेल काढत जिन्यावरून घसरत होती, त्यांतल्या एकाने लसणाची सालं तुडवली.

निहारिका खाली आली आणि वासंती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. पोपटी साडी तिला जडच होत होती. फुलांची वाडी मात्र शोभत होती. शेवंतीचा मुकुट, शेवंतीचे बाजूबंद, सातव्या महिन्याचं पोट. पुठ्ठ्याच्या नावेत शिरताना तिने आधाराला अनीशचा खांदा धरला आणि म्हणाली, "ही नाव ग्रँड आहे हां, पण मी शिंकले तर बुडेल."

सगळे हसले. अनीशने फोटोसाठी भाड्याने आणलेले दोन मोठे दिवे लावले. ब्युमॉन्टच्या स्नेहलताबाई, ज्यांच्यावाचून डब्लिन परिसरात एकही डोहाळजेवण होत नसे, घसा साफ करून पुढे आल्या. गाणं सुरू करण्याआधी त्यांनी चित्राकडे मान उंचावून पाहिलं.

"काय पण देखावा निवडलाय माधवीताईंनी! कसलं गं चित्र हे?"

"राजकन्येचा जलविहार," माधवी म्हणाली. "बरोक. आणि ते तिचं बाळ. म्हटलं, आजच्या दिवसाला अगदी..."

"तिचं नाहीये ते," निहारिका नावेतून म्हणाली.

"काय?"

"बाळ. राजकन्येचं नाहीये, आई. मोझेसची गोष्ट आहे ही. बायबलमधली. सिस्टरांच्या शाळेत दर वर्षी असायची आम्हाला." तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून, शाळेतला धडा म्हणावा तसं ती सांगत राहिली. "राजाचा हुकूम असतो की या लोकांचे मुलगे जन्मले की मारायचे. म्हणून एक आई आपलं बाळ टोपलीत घालून नदीकाठी गवतात ठेवते."

"अगबाई! म्हणजे कुंतीच की," स्नेहलताबाई म्हणाल्या.

"कुंती पाजायला परत आली नाही, मावशी. ही आली. राजकन्येला बाळ सापडतं, आवडतं, ती ठेवून घेते. पण बाळ भुकेलंय, पाजणार कोण? ती गवतातली मुलगी दिसते ना, ती बाळाची बहीण. ती पुढे होऊन म्हणते, एखादी बाई आणू का पाजायला? आणि जाऊन आपल्याच आईला घेऊन येते. राजकन्या तिला म्हणते, हे बाळ घे, माझ्यासाठी सांभाळ, तुला पगार देईन."



"मग ती आई काय म्हणते?" सुलेखाने विचारलं.

"काहीच नाही. घेते आणि पाजते."

"कुठे आहे ती? मला दिसत नाही."

"उजव्या कोपऱ्यात. मोबाइलच्या उजेडात पाहिलीय मी. अनीश, तो दिवा जरा तिकडे वळव ना."

अनीशने दिवा वळवला. वर्षभर या घरात राहून माधवीने जे कधी पाहिलं नव्हतं, ते सगळ्यांना दिसलं. काजळीतून एक बाई पुढे येत होती. डोक्याला साधं फडकं, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हात पसरलेले. चोळीचे बंद घाईत सोडलेले होते आणि छातीवर कापडाला ओल आलेली होती. राजकन्येकडे तिचं लक्षच नव्हतं, ती टोपलीकडे बघत होती.

वासंतीचे हात पिठाने भरलेले होते, ते तिने आपल्याच छातीवर दाबून धरले. पुण्याच्या त्या घरातून माधवी मुलीला मुंबईला घेऊन गेली, तेव्हा कितीतरी दिवस तिने छातीला घट्ट पंचा बांधून स्वयंपाक केला होता. कुणाला दिसू नये म्हणून पदर दुहेरी घ्यायची. त्या ओल्या पंच्याची आठवण तिने कुणापाशी काढली नव्हती आणि कुणा परक्या देशातल्या, कधीच्या काळी मेलेल्या चित्रकाराला ती बरोबर माहीत होती. तिला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

"काहीतरी भलतंसलतं शुभ दिवशी," माधवी म्हणाली. तिच्या आवाजातला बरोक पार उतरला होता. "स्नेहलताताई, तुम्ही गाणं घ्या. मी ओटीचं ताट आणते."

"आई, काकूला काय ठरलंय?"

"काय ठरलंय म्हणजे?"

"पगार."

कुणीतरी हसायचं म्हणून हसलं आणि मध्येच थांबलं. पद्माकरने खोकला काढला. सुलेखा शांतपणे एकदा निहारिकेच्या आणि एकदा वासंतीच्या हनुवटीकडे बघत होती.

"सॉरी," निहारिका उठत म्हणाली. "पिन टोचतेय. काकू, जरा वर येतेस?"

वरच्या खोलीत पिन शोधायची गरजच पडली नाही, कारण पिन कुठे टोचत नव्हती. त्यांच्या मागोमाग माधवी आली आणि तिने दार लावून घेतलं.

"तू सांगितलंस," ती वासंतीला म्हणाली. "सासऱ्यांना शब्द दिला होता सगळ्यांनी. आल्याला आठवडा नाही झाला आणि..."

"मी? मी एक अक्षर बोलले असेन तर जीभ झडो माझी! वहिनी, मला बोलायचं असतं तर तीस वर्षं थांबले नसते."

"कुणी नाही सांगितलं," निहारिका पलंगावर टेकत म्हणाली. "म्हणजे सरिताताईने. मी अकरा वर्षांची होते. उन्हाळ्यात आलो होतो पुण्याला, आणि आइस्क्रीम खाताना ती म्हणाली की तू माझी सख्खी बहीण आहेस, तर तुझा अर्धा कप मला दे. तिला वाटलं मला माहीत आहे."

वासंतीला क्षणभर हसूच फुटलं. सरिता, तिची थोरली! काय पण घराणं! बाळासाहेबांनी देवापुढे शपथा घातल्या, पद्माकरने जुने फोटो फाडले, सुभाष पुतणीशी दोन वाक्यांच्या पुढे कधी बोलला नाही, आणि हे सगळे शहाणे इतकी वर्षं रिकाम्या डब्याला कुलूप घालून राखण करत बसले होते.

माधवीला हसू आलं नाही. ती खुर्चीवर बसली. "म्हणजे तू मला आई म्हणायचीस, तेव्हा..."

"तू आईच आहेस. तो प्रश्नच नाहीये."

"मग खाली ते कशासाठी? लोकांसमोर?"

"कारण तू हिला माझ्या बाळाला न्हाऊ घालायला बोलावलंस आणि ओटीच्या लाइनमध्ये शेवटी उभं केलंस. मी सकाळी इथून ऐकत होते. तुला जरा सुद्धा कसंतरी झालं नाही, आई?"

वासंतीला इतका आनंद झाला की तो लपवणंही तिला जमलं नाही. बघा, वहिनी! आपण सांगायचं ते पोरीनेच सांगितलं. आता विचारायला हरकत नव्हती.

"बाळा, एवढं माहीत होतं तर माझ्याशी का गं कधी बोलली नाहीस?"

निहारिकेने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, पण फक्त मायाच नव्हती.

"तुझी वाट बघत होते. दर सुट्टीत. तू मला माजघरात न्यायचीस, हातावर लाडू ठेवायचीस आणि बोलायला लागायचीस. आईच्या साड्यांना नावं. बाबांना नावं. आजोबांना, काकांना, या देशाला. मला वाटायचं, आता म्हणेल. हे झालं की म्हणेल. तू सगळ्यांविषयी बोललीस, काकू. स्वतःविषयी एक वाक्य नाही. एकदा सुद्धा 'मी' म्हणाली नाहीस."

तोंडात मारल्यासारखी वासंती उभी राहिली.

"चित्रातली निदान आली तरी," निहारिका म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उठली. "मी खाली जाते. कोण पहिलं ते मला विचारू नका, मी सांगणार नाही. पण त्या पुठ्ठ्यात मी फार वेळ बसणार नाहीये. पाय सुजलेत माझे."

दार उघडं टाकून ती गेली. खाली स्नेहलताबाईंनी तिला बघून "आली गं आली" असा गलका केला.

दोघी जावा उरल्या. माधवीने आरशात बघून कुंकू नीट केलं, मग पदर नीट केला, मग पुन्हा कुंकू. तिचं बोट दोन्हीदा चुकलं. इतकी वर्षं या बाईच्या हाताकडे वासंतीने फक्त बांगड्या बघायला पाहिलं होतं.

"माझी डोहाळजेवणाची ओटी कुणी कधी भरली नाही, वासंती," माधवी आरशातच म्हणाली. "घरात तुझी तीनदा भरली. मी तबक धरून उभी असायचे. तुझी तिसऱ्यांदा भरत होते तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, तू जरा लांब उभी राहा." ती थांबली. "आज तरी मला पहिली भरू दे."

ते वासंतीला ठाऊक नव्हतं. सासूबाई तसं बोलू शकत, यात शंका नव्हती. तिला माधवीची दया आली, खरी दया, आणि ती इतकी अनोळखी गोष्ट होती की तिला काही क्षण ती ओळखताच आली नाही. तिने बोलायला तोंड उघडलं. पण तोवर माधवी जिन्यावरून खाली चालली होती. तिची ही जुनी सवय. मागायचं, आणि उत्तर यायच्या आत घेऊन जायचं. तीस वर्षांपूर्वी सुद्धा ती दाराशी येऊन "वासंती, तुझी हरकत नाही ना?" म्हणाली होती, आणि 'हरकत' शब्द पुरा होईतो पोर तिच्या खांद्यावर होती.

दया तिथेच संपली.

वासंती आपल्या खोलीत गेली. तिने बॅग पलंगावर उपडी केली. लाडवांचा डबा घरंगळत कोपऱ्यात गेला, तो तिने जाऊ दिला. नारायणपेठी हातात घेऊन ती निघाली. पिठाचे हात धुवायचे राहिले, साडीच्या घडीवर पांढरी बोटं उमटली. अंगावर सकाळचीच, हळदीचे डाग पडलेली साडी होती. बदलावी असं तिच्या मनात आलं आणि मग ती स्वतःलाच म्हणाली की आता आणखी कशाची वाट बघतेस?

ती जिन्याच्या वरच्या टोकाला आली तेव्हा खाली गाणं संपत होतं. नावेत निहारिका, तिच्या मागे नदी, राजकन्या, टोपली. दिवा अजून कोपऱ्याकडेच वळलेला होता, तो सरळ करायचं कुणाला सुचलं नव्हतं. माधवी हातात ओटीचं ताट घेऊन तयार उभी होती. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. निहारिकेच्या पोपटी साडीला जोड म्हणून ताटसुद्धा पोपटी कागदाने मढवलेलं होतं. शेजारी सुलेखा, पाठीमागे डब्लिनच्या बायका, ठरल्या क्रमाने.

"चला," स्नेहलताबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आता आधी आईने पुढे यावं. मुलीची आई कुठाय?"

माधवीने पाऊल उचललं.

"आले," वासंती जिन्यावरून म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळ्या माना वर झाल्या. पद्माकरचं हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्नेहलताबाईंनी माधवीकडे पाहिलं, मग वासंतीकडे. सुलेखा पुढे झाली आणि मध्ये आलेली एक खुर्ची तिने बाजूला ओढली. वाट मोकळी झाली.

वासंती पायऱ्या उतरून आली. निहारिका तिच्याकडे बघत होती, पण तिने हसून मदत केली नाही आणि मान खाली घालूनही केली नाही. पुठ्ठ्याच्या नावेपाशी वासंतीने हिरवी साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिला हळदकुंकू लावलं, घाईत कुंकू थोडं नाकावर सांडलं. मग ती माधवीकडे वळली.

माधवी ताट घेऊन तशीच उभी होती. ते खाली ठेवावं की पुढे करावं, हे तिला कळत नव्हतं. तिने ते पुढे केलं.

वासंतीने त्यातला नारळ उचलला.